दुपारी एकचा निकाल

बारावीचा निकाल दुपारी एकला लागतो, हे जळगाव-धुळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बैठक क्रमांक टाका, आईचं नाव टाका, आणि फिरणाऱ्या चाकाकडे बघत बसा. मी या दोन गावांत कॉलेजांच्या, केळी व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवतो. त्यामुळे "भाऊ, सगळ्यात फास्ट फ्रेमवर्क कोणतं?" हा प्रश्न माझ्या पाचवीलाच पुजलेला.

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. पायथनवाल्यांचं जँगो २००५ सालचं, पीएचपीवाल्यांचं लाराव्हेल २०११चं. टेकएम्पॉवर या अमेरिकी कंपनीने २०१३पासून अशा फ्रेमवर्कच्या शर्यती लावल्या. त्यातल्या एकीत फक्त 'हॅलो, वर्ल्ड' एवढंच उत्तर द्यायचं. तिथे सेकंदाला लाखांनी उत्तरं निघतात. डेटाबेसमधून काही आणायचं म्हटलं, की तेच आकडे धाडकन खाली येतात. लोक मात्र पहिलाच तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात.

एका कॉलेजचं निकालाचं पान असंच चाक फिरवत अडकायचं. ट्रस्टी म्हणाले, फ्रेमवर्कच बदलून टाकू. मी आधी डेटाबेसला जाणाऱ्या क्वेरी बघितल्या. बैठक क्रमांकावर इंडेक्सच नव्हता; एका पोराच्या निकालासाठी अख्खं टेबल चाळलं जायचं, वर प्रत्येक विषयाला वेगळी क्वेरी. एका निकालाला २०० मिलिसेकंद. सर्व्हरवर एका वेळी एकेक विनंती हाताळणारे वर्कर आठ, म्हणजे सेकंदाला चाळीस पोरं. हजार जण एकदम आले, तर शेवटच्याच्या नशिबी पंचवीस सेकंद. तो तेवढा थांबतो थोडाच? रिफ्रेश मारतो, आणि रांग आणखी वाढते. तोच निकाल २० मिलिसेकंदांत निघाला, तर शेवटचा अडीच सेकंदांत मोकळा. या सगळ्यात फ्रेमवर्कचा स्वतःचा वाटा जेमतेम दोन-पाच मिलिसेकंदांचा.

म्हणून तुलना करायचीच तर आपलंच पान, आपलाच खरा डेटा घेऊन करावी. दहा नोंदींवर सगळेच पळतात. आणि सरासरी विचारूच नये. शंभरातल्या नव्याण्णवाव्याला किती थांबावं लागलं, ते विचारावं.

फ्रेमवर्कने फरक पडतच नाही, असं नाही. सराफ बाजारातला भाव हजार मोबाइलवर सतत हलता ठेवायचा, तर एकेका जोडणीपायी एकेक वर्कर अडकवणारी रचना परवडत नाही. तिथे मी अशी अडवणूक न करणारं नोड घेतो.

निकालाचं तसं नाही. पुनर्मूल्यांकनापर्यंत तो बदलत नाही. मग प्रत्येक पोराचं पान आदल्या रात्रीच तयार करून ठेवायचं. दुपारी एकला सर्व्हरने नुसती फाइल उचलून द्यायची. फ्रेमवर्कला कुणी उठवायचंसुद्धा नाही.