रुग्णवाहिकेत रुग्णाशेजारी बसलेला कोण?
प्रमाणपत्र आणि परवाना यांतील फरक

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथे ग्रामीण रुग्णालय आहे. मात्र डिंभे धरणापलीकडील आहुपे, माळीण परिसरातील वाड्या-वस्त्यांवरून घोडेगाव गाठायचे तर घाटवळणांचा रस्ता कापावा लागतो. रुग्णाची प्रकृती गंभीर असेल तर त्याला पुढे मंचरला आणि तेथून सुमारे ६० किलोमीटरवरील पुण्याला हलविले जाते. या संपूर्ण प्रवासात रुग्णाचे प्राण रुग्णवाहिकेत त्याच्या शेजारी बसलेल्या व्यक्तीच्या हाती असतात. ही व्यक्ती कोण, तिला काय येते आणि काय करण्याचा अधिकार आहे, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

रुग्णवाहिकेच्या चालकाजवळ वाहन चालविण्याचा परवाना असावाच लागतो. गाडीची नोंदणी होते. ती कशी असावी हेही ठरलेले आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने प्रसिद्ध केलेल्या 'एआयएस १२५' या मानकात रुग्णवाहिकांचे चार प्रकार सांगितले आहेत. गाडीत डॉक्टर असेल तर त्याचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असते. परंतु आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे ज्यांना आपण 'पॅरामेडिक' म्हणतो, त्यांच्याजवळ बहुधा असते ते केवळ प्रमाणपत्र.

फरक नेमका कोणता?

प्रमाणपत्र ज्ञानाची साक्ष देते. एखाद्या संस्थेने ठरविलेला अभ्यासक्रम अमुक व्यक्तीने पूर्ण केला व ती परीक्षेत उत्तीर्ण झाली, एवढेच ते सांगते. अमेरिकन हार्ट असोसिएशनचे जीवरक्षक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी वैध असते. ते डॉक्टर, परिचारिका घेतात आणि तंत्रज्ञही घेतात. परंतु त्यामुळे कोणालाही व्यवसाय करण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही.

परवाना अथवा वैधानिक नोंदणी अधिकार देते. तो अधिकार शासन किंवा कायद्याने स्थापन झालेली परिषद देते. त्याच्या मर्यादाही तीच आखून देते. परवाना नसलेल्याने ते काम करणे हा गुन्हा ठरू शकतो आणि गैरवर्तन झाल्यास चौकशीअंती परवाना काढून घेता येतो. प्रमाणपत्र देणाऱ्या खासगी संस्थेला फार तर आपले प्रमाणपत्र रद्द करता येते. त्या व्यक्तीला दुसरीकडे तेच काम करण्यापासून ती रोखू शकत नाही.

अमेरिकेत ही विभागणी स्पष्ट दिसते. तेथे १९७० मध्ये स्थापन झालेली 'नॅशनल रजिस्ट्री' ही संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. काम करण्याचा परवाना मात्र संबंधित राज्य देते. ब्रिटनमध्ये तर 'पॅरामेडिक' ही उपाधीच कायद्याने संरक्षित आहे. नोंदणी नसताना ती लावता येत नाही.

महाराष्ट्राची वाट

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. त्या वेळी ९३७ रुग्णवाहिकांची योजना होती. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक, तर ७०४ मूलभूत जीवरक्षक स्वरूपाच्या होत्या. या गाड्यांवर तंत्रज्ञाऐवजी डॉक्टर नेमण्याचा मार्ग राज्याने स्वीकारला. त्यांत आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांची संख्या मोठी होती. डॉक्टर आधीच नोंदणीकृत असल्याने परवान्याचा प्रश्न बराचसा टळला. मात्र खासगी रुग्णवाहिका, रुग्णालयांच्या गाड्या आणि यात्रांमधील वैद्यकीय पथके यांच्याबाबत तो उरलाच.

केंद्राने २०२१ मध्ये संमत केलेला 'राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम' या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ आणि प्रगत पॅरामेडिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्य परिषदा, राज्य व राष्ट्रीय नोंदवह्या आणि शिक्षणाचे किमान तास यांची तरतूद त्यात आहे. नोंदवहीत नाव नसताना व्यवसाय करणाऱ्यास ५० हजार रुपये दंडाची शिक्षाही सांगितली आहे. म्हणजेच कायद्याने प्रमाणपत्राकडून परवान्याकडे पाऊल टाकले आहे. त्याचे मोल अर्थातच परिषदांच्या प्रत्यक्ष कामावर ठरेल.

दोन्ही बाजू

परवान्यामुळे तंत्रज्ञालाही संरक्षण मिळते. रक्तस्राव थांबविणे, प्राणवायू देणे, मोडलेले हाड आधार देऊन स्थिर करणे ही कामे आणि शिरेवाटे औषध देणे किंवा श्वासनलिकेत नळी घालणे ही कामे एकाच जोखमीची नाहीत. यांतले आपण काय करावे आणि कोठे थांबावे, हे कायद्याने ठरलेले असेल तर रुग्ण दगावल्यावर सारा दोष एकट्या तंत्रज्ञाच्या माथी मारता येत नाही.

उलट, अटी अवाजवी कठोर झाल्या तर प्रशिक्षित माणसे शहरातच राहतील आणि आदिवासी पट्ट्यातील रुग्णवाहिकेत कोणीच नसेल, ही भीतीही निराधार नाही. वर्षानुवर्षे काम करून अनुभव मिळविलेल्यांना पूरक अभ्यास व परीक्षेद्वारे नोंदणीची संधी देणे, तसेच अधिकारांच्या पायऱ्या आखणे हाच त्यावरील व्यवहार्य उपाय होय.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. अपघातग्रस्ताला मदत करण्यास सामान्य नागरिकाला कोणताही परवाना लागत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण आहे. परवान्याचा प्रश्न येतो तो उपचार हा व्यवसाय म्हणून करणाऱ्यांसाठी.

तेव्हा रुग्णाला खासगी रुग्णवाहिकेतून हलविण्याची वेळ आली, तर भाड्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : सोबत कोण येणार आणि त्याची नोंदणी कोठे आहे? डिंभ्यापलीकडच्या माणसाला गाडी निवडण्याची मुभा क्वचितच असते. त्याच्या वतीने हे प्रश्न शासनाने विचारावयाचे असतात.