चित्रावरून सापडलेला पुढारी

आजची गोष्ट आहे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराची, दीडशे वर्षांपूर्वीची.

तिथं विल्यम ट्वीड नावाचा पुढारी होता. शहराची कामं कुणाला द्यायची, बिल किती लावायचं, हे तो आणि त्याचे सोबती ठरवायचे. ठेकेदार कामाच्या कितीतरी पट बिल लावायचे आणि वरचा पैसा ही मंडळी वाटून घ्यायची. कोर्टाची एकच इमारत, पण तिचा खर्च एक कोटी डॉलरच्या वर गेला!

1871 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं हे सगळे आकडे छापले. पण आकडे वाचणार कोण? शहरात बाहेरदेशांतून आलेले गरीब मजूर पुष्कळ आणि कितीतरी जणांना वाचता येत नव्हतं. त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचली ती टॉमस नॅस्टच्या चित्रांनी. ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकात तो व्यंगचित्रं काढायचा. तेव्हा चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरून छापत.

त्याचं एक चित्र डोळ्यांसमोर आणा. ढेरपोट्या ट्वीड, त्याचे सोबती, ठेकेदार, सगळे रिंगण करून उभे आहेत. प्रश्न विचारलाय, लोकांचा पैसा कुणी चोरला? आणि जो तो शेजारच्याकडे बोट दाखवतोय! दुसऱ्या एका चित्रात ट्वीडच्या धडावर डोक्याच्या जागी पैशाची थैलीच आहे. पेपरातल्या लेखांचं मला काही नाही, माझ्या लोकांना वाचता येत नाही, पण चित्रं त्यांना दिसतात, असं ट्वीड चिडून म्हणाला म्हणे. बायकांना तेव्हा तिथं मत नव्हतं. चित्रं मात्र त्याही बघत असणारच.

नॅस्ट काही साधुसंत नव्हता हं. आयरिश मजुरांची तोंडं तो माकडासारखी काढायचा. ते मला मुळीच पटत नाही.

त्या वर्षीच्या निवडणुकीत ट्वीड स्वतः निवडून आला, पण त्याची बरीच माणसं पडली. पुढे खटला झाला, तुरुंग झाला. 1875 मध्ये तो पळाला आणि क्यूबामार्गे स्पेनला पोचला. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याला नॅस्टच्या चित्रावरून ओळखलं, असं सांगतात. त्या चित्रात ट्वीडनं दोन पोरांना मानगुटीला धरलेलं होतं. त्यामुळे त्यांना वाटलं, हा पोरं पळवणारा! माणूस बरोबर सापडला, गुन्हा मात्र त्यांनी भलताच धरला. ट्वीडला परत न्यूयॉर्कला आणलं आणि 1878 मध्ये तो तुरुंगातच वारला.