पांडुरोगात लोहकल्पांपूर्वी रक्तपरीक्षण : चंद्रपूर-गडचिरोलीचा विचार

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. या दोन्ही जिल्ह्यांची भूमी लोहखनिजाने समृद्ध आहे. चंद्रपूरजवळील लोहारा आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागड ही नावे त्यासाठी सर्वपरिचित आहेत. याच भूमीवर राहणाऱ्या माता-भगिनींच्या रक्तात मात्र लोहाची वाण असावी, हा दैवदुर्विलास होय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.

अशी रुग्णा समोर येताच आपला हात पुनर्नवा मंडूर, नवायस लोह किंवा धात्री लोहाकडे जातो. पुष्कळदा तो योग्यच ठरतो. परंतु या वनपट्ट्यातील प्रत्येक पांडुता लोहाच्या अभावातून उद्भवलेली नसते, आणि दोहोंतील भेद केवळ दर्शन-स्पर्शनाने नेहमीच कळत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही हाच मुद्दा व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत.

एकच लक्षण, भिन्न हेतू

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात पांडूचे पाच प्रकार सांगितले. त्यांतील मृद्भक्षणजन्य पांडूत कृमींचाही निर्देश आहे. माती खाण्याची सवय आणि अंकुशकृमी यांचा लोहाच्या अभावाशी असलेला संबंध आज सर्वमान्य आहे. हेतू ओळखल्यावाचून चिकित्सा नाही, हा आपल्या शास्त्राचा दंडकच आहे.

या पट्ट्यात आणखी दोन हेतू सदैव ध्यानी ठेवले पाहिजेत. पहिला सिकलसेल. हा आनुवंशिक विकार गोंड, माडिया आदी आदिवासींप्रमाणेच विदर्भातील इतर समाजांतही आढळतो. यात रक्तकण अकाली फुटतात. पण त्यांतील लोह बहुतांशी शरीरातच राहते व पुन्हा वापरले जाते. दुसरा हेतू हिवताप. यातही रक्तकणांचा नाश होतो.

दोन रुग्णांची कल्पना करू. दोघींचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅम. पहिलीच्या रक्तकणांचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ६८ व फेरिटिन ६ नॅनोग्रॅम. हा स्पष्ट लोहक्षय, लोहकल्प हवाच. दुसरीचा एमसीव्ही ८८, फेरिटिन २४०, रेटिक्युलोसाइट १२ टक्के आणि डोळ्यांत किंचित पिवळेपणा. येथे रक्तकण फुटत आहेत. तिला लोह देऊन लाभ नाही. वारंवार रक्त चढविलेले असेल, तर अपायच संभवतो. रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची स्वाभाविक व्यवस्था शरीराकडे नाही.

अहवाल कसा वाचावा

प्रथम संपूर्ण रक्तगणना पाहावी. एमसीव्ही ८० च्या खाली असल्यास लोहक्षय किंवा थॅलेसेमियाचे वाहकत्व संभवते. एमसीव्हीला रक्तकणांच्या दशलक्षांतील संख्येने भागावे. उत्तर १३ हून कमी आल्यास थॅलेसेमियाची शंका घ्यावी.

त्यानंतर फेरिटिन. हे लोहाच्या साठ्याचे माप आहे. प्रौढांत १५ हून कमी असल्यास साठा रिता समजावा. मात्र ज्वर, संसर्ग वा शोथ असताना फेरिटिन वाढते. म्हणून अशा प्रौढ रुग्णांत ७० च्या खालील आकडाही जागतिक आरोग्य संघटना लोहक्षयाचा निदर्शक मानते. हिवतापाच्या मोसमात हे विसरून चालणार नाही. केवळ सीरम आयर्नवर विसंबू नये. ते दिवसाच्या वेळेनुसार व आहारानुसार बदलते.

तिसरी सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी. ती सकारात्मक आल्यास रुग्ण व वाहक हा भेद इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनेच ठरतो. १ जुलै २०२३ रोजी आरंभलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानातही तपासणीवर भर आहे. सिकलसेलच्या रुग्णातही लोहक्षय असू शकतो. फेरिटिन कमी आढळल्यास त्याच्या रुग्णालयातील चिकित्सकांशी विचारविनिमय करूनच लोह द्यावे आणि चालू असलेले हायड्रॉक्सियुरिया बंद करू नये.

इतर खनिजांबाबतही तारतम्य हवे. रक्तातील एकूण कॅल्शियम अल्ब्युमिनच्या जोडीने वाचावे. जस्त संसर्गात तात्पुरते घटते. त्या एका आकड्यावरून यशद भस्म योजणे उतावीळपणाचे ठरेल.

औषधी विक्रेत्यांस विनंती

वारितर व रेखापूर्ण परीक्षेने भस्माची सिद्धता कळते. रोग्याची गरज कळत नाही. केवळ 'अशक्तपणा' या शब्दावर लोहकल्प देऊ नये. शासकीय लोहाची गोळी चालू आहे काय, हे विचारावे. त्या एका गोळीतच ६० मिलिग्रॅम लोह असते. गर्भिणीस कॅल्शियमही मिळत असते. लोह व कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये आणि लोहासोबत चहा टाळावा, हे दोन शब्द अवश्य सांगावेत. आवळ्याची जोड मात्र उपकारक ठरते.

बालकांबाबत विशेष दक्षता हवी. झांझिबारमधील पेम्बा बेटावरील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवतापग्रस्त प्रदेशात लहान मुलांना सरसकट लोह व फॉलिक आम्ल दिल्याने गंभीर आजार व मृत्यू वाढल्याचे त्यात दिसले. म्हणून ज्वरित बालकाची हिवतापासाठी तपासणी व चिकित्सा आधी, लोह नंतर.

व्यवहारातील क्रम

भामरागड वा जिवतीच्या दुर्गम गावातील रुग्णास प्रत्येक तपासणी परवडणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. तेव्हा रक्तगणना व सिकलसेल चाचणी प्रथम करावी. सिकलसेल चाचणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राचे साहाय्य घ्यावे. लोहकल्प सुरू केल्यावर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा पाहावे. ते निदान एक ग्रॅमने न वाढल्यास मात्रा वाढवीत न बसता निदान पुन्हा तपासावे. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, छातीत वेदना, तीव्र ज्वर, किंवा सिकलसेलच्या रुग्णात असह्य अस्थिशूल असल्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

रक्तपरीक्षण अष्टविध परीक्षेची जागा घेत नाही. ते वैद्याच्या हाती आलेले आणखी एक साधन आहे. लोह हे आपल्या शास्त्राचे समर्थ द्रव्य आहे. ते ज्याला हवे त्यालाच मिळावे आणि ज्याला नको त्याच्या मुखी जाऊ नये, एवढी काळजी घेणे आपल्या हाती निश्चितच आहे.