कोंबडा अंगावर का येतो?

ज्या घरी गावरान कोंबड्या आहेत तेथील मुलांना विचारून पाहा. ‘आमचा कोंबडा अंगावर येतो’ असे सांगणारा एखादा विद्यार्थी वर्गात बहुधा सापडतोच. मोठ्या माणसाच्या पोटरीवर ओरखडा उठतो आणि विषय हसण्यावारी जातो. पहिलीतील मुलाचे तसे नाही. चिडलेला कोंबडा नुसती चोच मारून थांबत नाही; तो उडी घेऊन दोन्ही पाय पुढे फेकतो, आणि पायामागचा शिंगासारखा टणक काटा लहान मुलाच्या डोळ्यापर्यंत पोहोचू शकतो. अशा कोंबड्याचा निकाल बहुधा रविवारच्या रश्श्यात लागतो. तो उपाय चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तोपर्यंत त्याची पिल्ले अंगणात हिंडू लागलेली असतात, आणि वर्षभरात तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे दक्षिण व आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा. (आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा निराळा. त्याचाही थोडा वारसा पाळीव कोंबड्यांत मिसळला आहे; पिवळ्या कातडीचे जनुक त्याच्याकडून आले, असे २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले.) रानात नर काही माद्यांना घेऊन फिरतो आणि दुसऱ्या नराला जवळ येऊ देत नाही. घार दिसली तर एक आवाज, जमिनीवरून मांजर आले तर दुसरा, असे त्याचे इशारे ठरलेले असतात. दाणा सापडला की तो स्वतः न खाता ‘टुक टुक’ करून माद्यांना बोलावतो. म्हणजे ज्याला आपण खोडी म्हणतो ते त्याच्या दृष्टीने राखणीचे काम आहे. फक्त शत्रू कोण, हे ओळखण्यात गल्लत होते.

ही लढाऊ वृत्ती शरीरात येते कोठून? याचे उत्तर शोधताना शरीरशास्त्राची एक नवी शाखाच जन्माला आली. १८४९ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी सहा तरुण कोंबड्यांवर प्रयोग केला. ज्यांचे दोन्ही वृषण काढून टाकले त्यांचा तुरा वाढला नाही. ते नीट आरवेनात, की भांडेनात. काहींच्या पोटात मात्र काढलेला वृषण पुन्हा ठेवला होता. ते इतर कोंबड्यांसारखेच आरवू आणि झुंजू लागले. नंतर पोट उघडून पाहिले, तर त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, पण मूळ मज्जातंतूंशी त्याचा संबंध उरला नव्हता. तेव्हा जे काही कोंबड्याला कोंबडा बनवते ते रक्तावाटे पसरते, हे उघड झाले. आज त्याला आपण टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक म्हणतो. पाच-सहा महिन्यांचा होईपर्यंत मांडीवर बसणारा कोंबडा एकाएकी बिथरतो, त्याचे कारण हेच.

पण संप्रेरक तर सर्वच कोंबड्यांत असते, आणि सारेच काही माणसाच्या अंगावर येत नाहीत. येथे वाढवण्याची पद्धत पुढे येते. एकट्याच पिल्लाला हातावर वाढवले, तर माणसाची भीती जाते हे खरे. पण त्याबरोबर माणूस हा आपल्याच कळपातला, असा त्याचा समज होतो. मादी पिल्लाच्या बाबतीत हे ठीकच. नराच्या बाबतीत मात्र कळपातला म्हणजे पुढेमागे प्रतिस्पर्धी! म्हणून खुडूक कोंबडीखाली, भावंडांत वाढलेले आणि रोज माणूस पाहणारे पिल्लू आम्हांस अधिक भरवशाचे वाटते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरेसा असतो. तीन कोंबड्यांमागे दोन नर ठेवले, तर कुरबुर वाढणारच.

अंगावर आलेल्या कोंबड्यापासून पळू नये, आणि त्याला लाथही मारू नये. पळणे म्हणजे त्याचा विजय, लाथ म्हणजे झुंजीचे आमंत्रण. शांत उभे राहावे, हातात टोपले असेल तर ते मध्ये धरावे. लहान मुलांकडून हा संयम अपेक्षू नये. मुले बाहेर असताना असा कोंबडा डालून ठेवणेच बरे.

राहिला प्रश्न वारशाचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. स्वीडनमधील लिनशॉपिंग विद्यापीठात पेर येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानकोंबड्यांतून माणसाला कमी भिणारे पक्षी पिढ्यान् पिढ्या निवडले. दहा पिढ्यांत पक्षी माणसाळले, आणि शरीराच्या मानाने त्यांचा मेंदूही लहान झाला, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. स्वभाव इतक्या लवकर वळतो!

याहून बोलका प्रयोग अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी केला. एका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या ठेवल्या की त्या एकमेकींना टोचून मारतात, हा अंडी-व्यवसायातला जुना रोग. त्यावर सर्रास उपाय म्हणजे चोच कापणे. सर्वाधिक अंडी देणारी एकेक कोंबडी निवडायची ही रूढ रीत म्यूर यांनी सोडली. अशी कोंबडी कधी कधी शेजारणींना दडपूनच पहिली आलेली असते. त्यांनी सख्ख्या-सावत्र बहिणींचे गट चोची न कापता एकत्र ठेवले, आणि ज्या पिंजऱ्यातील साऱ्या कोंबड्या मिळून चांगल्या ठरल्या ते अख्खे कुटुंब निवडले. त्यांच्या १९९६ च्या निबंधानुसार दुसऱ्या पिढीत वर्षाला ६८ टक्के असलेली मरतूक चौथ्या पिढीत ८.८ टक्क्यांवर आली, आणि अंडीही वाढली.

आता अंगणाकडे पाहू. पाहुणे आले की कोणता कोंबडा कापला जातो? जो चटकन हाती लागतो तो. पळणारा, चावरा कोंबडा मागे उरतो आणि पुढच्या पिढीचा बाप होतो. म्हणजे निवड आपण करतच असतो, फक्त उलटी! शांत कोंबडा बियाण्याचा म्हणून राखावा. अंगावर येणाऱ्याला कोंबड्यांपासून आधी दूर करावे. त्यानंतरही साधारण दोन-तीन आठवडे त्याच्या बीजाची अंडी येत राहतात, म्हणून ती खाण्यासाठी काढावीत, उबवणीला ठेवू नयेत.

विद्यार्थ्यांना करता येईल असे एक निरीक्षण सुचवतो. पाच-सहा कोंबड्यांच्या पायांत निरनिराळ्या रंगांचे दोरे सैल बांधावेत, दाणे टाकावेत आणि कोण कोणाला टोचते याची नोंद तक्त्यात करावी. नॉर्वेच्या थोरलिफ शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचे असेच निरीक्षण करून १९२१-२२ च्या सुमारास टोचण्याच्या उतरंडीची कल्पना मांडली. वरची खालच्या सर्वांना टोचते, सर्वांत खालची कोणालाच नाही. तक्ता भरताना मात्र क्रम आधीच ठरवून टाकू नये. लालची निळीला टोचते, निळी हिरवीला, आणि हिरवी पुन्हा लालला, असे त्रिकोण त्यांनाही आढळले होते.