टाक्यावर टाका

डिसेंबर उजाडला की पनवेलच्या वडाळे तलावाभोवती पहाटे फिरणाऱ्यांच्या डोक्यांवर कानटोप्या दिसू लागतात. खाडीला लागून असलेल्या या गावाला लोकरीची खरी गरज तेवढ्या चार गार आठवड्यांपुरतीच. थंडी अनुभवायची तर माथेरान जवळ आहे, तेही सुमारे ८०० मीटर उंचावर. तरीही लोकरीचे विणकाम इथे घरोघर होत आले आहे, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे बाळ. बाळ यायच्या आधी टोपडे विणून तयार असते. या रिवाजामागे शरीराचा हिशेब पक्का आहे. भाजलेल्या रुग्णाची किती त्वचा गेली हे मोजताना डॉक्टर मोठ्या माणसाचे डोके आणि मान मिळून एकूण त्वचेच्या ९ टक्के धरतात, तान्ह्या बाळाचे १८ टक्के. म्हणजे बाळाच्या अंगातली ऊब निसटायला डोके ही फार मोठी वाट. कमी दिवसांच्या बाळाला आईच्या छातीशी उघडे बिलगवून ठेवतात, तेव्हाही त्याच्या डोक्यावर टोपी असते. पनवेलच्या एप्रिलात मात्र तेच टोपडे काढून ठेवावे. उष्णता बाहेर जायलाही तीच वाट लागते.

या टोपड्यावर एखादे फूल, एखादे पान, बाळाचे नाव भरावे असे पुष्कळांच्या मनात येते. भरतकाम नव्याने शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असे मी आवर्जून सांगते, कारण हे काम करताना विणकाम म्हणजे नेमके काय ते डोळ्यांना पहिल्यांदा दिसते.

टोपी खिडकीपाशी न्या आणि सुलट बाजू डोळ्यांजवळ धरा. इंग्रजी व्हीसारख्या आकड्यांचे उभे रकाने दिसतील, एकावर एक बसलेले. प्रत्येक आकडा म्हणजे लोकरीच्या एका फासाचे दोन पाय. तो फास खालच्या फासातून वर आलेला असतो आणि वरचा फास त्याच्यातून निघालेला असतो. मध्ये कुठेही गाठ नाही. एका रंगाची टोपी बहुतेक वेळा एकाच अखंड धाग्याची असते. शेवटचे टोक सोडवून ओढत राहिलात तर सगळी टोपी पुन्हा धागा होऊन हातात येईल. हजारो फास केवळ एकमेकांच्या आधाराने उभे असतात! आता अंगातला बनियन किंवा टी-शर्ट भिंगाखाली पाहा. तिथेही तेच आकडे, फक्त फार बारीक. विल्यम ली या इंग्रज माणसाने १५८९मध्ये मोजे विणायचे यंत्र बनवले, तेव्हा त्याने सुयांवरचा हाच फास लोखंडी हुकांकडून घालून घेतला.

आता ताणून पाहा. टोपी सहज रुंदावते, पण तिचाच धागा सुटा घेऊन ओढला तर तितका लांबत नाही. मग ताण येतो कुठून? फासाच्या वळणातून. धागा वाकलेला असतो. ओढले की वळण थोडे सरळ होते, सोडले की पुन्हा वाकते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये एलिझाबेटा मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केले. २०२४मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात चार प्रकारच्या विणी तपासल्या आहेत. सुलट आणि उलट टाक्यांचा क्रम बदलला की कापडाचा ताठपणा बदलतो, आणि हे टाक्यांच्या आकारावरून आधी सांगता येते, असे त्यांनी दाखवले. आपल्याकडे ताण यावा म्हणून टोपीच्या कडेची पट्टी ‘एक उलट, एक सुलट’ घालायची हे आजी डोळे मिटून सांगते. तिच्या हाताला कळलेले गणिताने सिद्ध व्हायला एवढी वर्षे लागली, याचे मला फार कौतुक वाटते.

भरतकाम आपण शिकतो ते मांजरपाटावर. तिथे उभे-आडवे धागे घट्ट बसलेले असतात, कापड रिंगमध्ये आवळले की हलत नाही. टोपीचे तसे नाही. मोठ्या माणसाचे डोके ५५ सेंटिमीटर असेल तर टोपी साधारण ५० सेंटिमीटरचीच विणतात, म्हणजे ती डोक्यावर धरून बसते. तिच्यावर १० सेंटिमीटर लांबीचा धावदोरा आडवा घातला, तर डोक्यावर चढताना त्याला ११ सेंटिमीटर व्हावे लागेल. साधा दोरा ते कुठून देणार? तो तुटतो, नाहीतर टोपीला चुण्या पाडतो.

म्हणून इथे टोपीचीच वाट धरायची. बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची लोकरीची सुई घ्या. तीक्ष्ण सुई धागा चिरते, बोथट सुई धाग्यांमधल्या जागेतून सरकते. टोपीच्याच जाडीची, वेगळ्या रंगाची लोकर ओवा. एक आकडा निवडा आणि त्याच्या खालच्या टोकातून सुई आतून वर काढा. आता वरच्या रांगेतल्या, त्याच रकान्यातल्या आकड्याच्या दोन्ही पायांखालून सुई उजवीकडून डावीकडे आडवी घाला. मग जिथून वर आलात त्याच खालच्या छिद्रात परत जा. हलकेच ओढा. मूळ आकडा नव्या रंगाखाली झाकला जातो, जणू तो त्याच रंगात विणला होता. धागा त्याच वळणाने गेल्यामुळे टोपी ताणली की तोही तिच्याबरोबर ताणला जातो. हातशिलाईने विणकामाची हुबेहूब नक्कल करता येते, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

नक्षी मात्र चौकटीच्या वहीवर काढताना जपा. ठिपक्यांच्या रांगोळीत आडवे-उभे अंतर सारखे असते, टोपीच्या टाक्यात नसते. टाका रुंदीला जास्त, उंचीला कमी असतो. मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंटिमीटरमध्ये सुमारे २२ टाके आणि ३० रांगा बसतात. वहीत २२ बाय २२ चौकटींचे गोल फूल काढले, तर टोपीवर ते १० सेंटिमीटर रुंद आणि सुमारे सव्वासात उंच, म्हणजे चपटे उमटते. त्यासाठी नक्षी थोडी उभट काढावी.

वळणदार वेलीसाठी आणि अक्षरांसाठी साखळी टाका. टोपीचा एक उभा रकाना सुटा करून पाहिला तर तो साखळीसारखाच दिसतो, फासात फास. नात्यातलाच टाका असल्याने तो धावदोऱ्यापेक्षा ताण बरा सोसतो, फक्त सैल हाताने घालायचा. पाकळीला सुटी साखळी पुरते. भरतकामाचा अँकरचा दोरा वापरायचा असेल तर सहाही पदर एकत्र घ्या, नाहीतर तो लोकरीत बुडून दिसेनासा होतो. लाल, गडद निळा दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा, रंग जातो का ते कळते.

रिंग लावू नका. तिच्यात टोपी ओढून बसते आणि काढल्यावर भरतकाम गोळा होते. डोक्याच्या मापाचे पातेले उपडे ठेवून त्यावर टोपी चढवली की काम सोपे जाते. सुरुवातीला गाठ मारू नका, ती विणीच्या छिद्रातून निसटते. चार-पाच सेंटिमीटर शेपूट सोडा आणि शेवटी आतल्या टाक्यांत फिरवून टाका. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक, आणि तिला गरम इस्त्री चालत नाही. फुगवटा कायमचा जातो.

बाळाच्या टोपड्यावर मणी, टिकल्या, बटणे अजिबात नकोत. सुटली तर थेट तोंडात जातात. आतल्या बाजूने एका फुलावरून दुसऱ्या फुलावर लांब धागा नेऊ नये, कारण टोपडे घालता-काढताना त्यात बाळाचे बोट अडकते. फूल संपले की धागा तोडावा, पुढचे नव्याने सुरू करावे.

आकड्यावर आकडा भरायचा तो टाका स्वेटरच्या विरलेल्या कोपरावर घातला की तिथली वीण दुप्पट जाड होते. भोक पडायच्या आधी घालावा, कारण सुईला चालायला जुनी वाट शिल्लक हवी. शिवाय सुईने मूळ धागा चिरलेला नसल्याने भरलेले काढताही येते. जन्मताना बाळाचे डोके सुमारे ३५ सेंटिमीटर असते, वर्षाने ४६च्या आसपास, तेव्हा टोपडे लवकरच धाकट्या भावंडाकडे जाते. आतून धागा कापून सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून घेतला, की थोरल्याचे नाव निघते आणि त्याच आकड्यांवर धाकटीचे भरता येते.