हप्ता आला, यादीही वाचावी

टाळेबंदी सुरू होताच, 26 मार्च 2020 रोजी, केंद्र सरकारने पंतप्रधान किसान सन्मान निधीचा 2000 रुपयांचा हप्ता एप्रिलच्या आरंभीच सुमारे 8.7 कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांत जमा करण्याचे जाहीर केले. मात्र ही वाढीव मदत नव्हती, तर वर्षाच्या ठरलेल्या 6000 रुपयांतलाच तो भाग होता.

संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय असलेल्या देवरूखच्या परिसरात सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीची मालकी व पीक दाखवणाऱ्या उताऱ्यावर, एकाच भातखाचराला अनेक भाऊबंदांची नावे असतात आणि त्यांतले कित्येक मुंबईला चाकरीत असल्याने प्रत्यक्ष कसणारा कोण, हे कागदावरून उमगत नाही. योजना मात्र नोंद असलेल्या जमीनधारक कुटुंबालाच पैसे देते आणि प्राप्तिकर भरणाऱ्यांना वगळते. कसणाऱ्या कुळांवर हा अन्यायच आहे.

20.48 लाख अपात्र व्यक्तींना 1364 कोटी रुपये गेल्याचे 2021 च्या जानेवारीत उघड झाले, तेही माहिती अधिकारातील एका अर्जामुळे. वास्तविक 2005 च्या त्या कायद्याचे कलम 4 अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागताच प्रसिद्ध करण्यास सांगते. योजनेच्या संकेतस्थळावर गावनिहाय यादी आहे. ती ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, असा आग्रह प्रत्येक गावाने धरावा.