मास्कमुळे माणसं दुरावली का?

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पची ख्याती चांगल्या हवेची. मुंबईहून हवापालटासाठी येणाऱ्या पारशी-गुजराती कुटुंबांसाठी इथं सॅनेटोरियम उभी राहिली. त्याच देवळालीत 2020 साली कोविडच्या साथीत लॅम रोडवर नाक-तोंड झाकून फिरण्याची वेळ आली. त्या काळातले काही गैरसमज अजून टिकून आहेत. पुढच्या साथीत आपण कसे वागू, हे त्यांवर ठरणार असल्यानं ते दूर व्हायला हवेत.

गैरसमज : तोंड झाकणं आपल्या संस्कृतीत नव्हतंच.
वस्तुस्थिती : बोलताना सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून स्थानकवासी जैन साधू-साध्वी मुहपत्ती बांधतात. आपल्या श्वासानं पवित्र अग्नी विटाळू नये म्हणून पारशी धर्मगुरू पदान बांधतात. नाशिक-पुण्यातल्या दुचाकीस्वार मुली तर साथीच्या कितीतरी आधीपासून ऊन-धुळीसाठी स्कार्फ गुंडाळत होत्या.

गैरसमज : मास्क लावणारा एक तर आजारी, नाही तर भित्रा.
वस्तुस्थिती : कोविडची लागण लक्षणं दिसण्याआधीही दुसऱ्याला होऊ शकते. त्यामुळे धडधाकट दिसणाऱ्यानं लावलेला मास्क समोरच्यालाही जपतो. शल्यविशारद मास्क लावतात तेही मुख्यतः रुग्णाच्या जखमेसाठी. 1910-11 मध्ये मांचुरियातल्या फुप्फुसाच्या प्लेगमध्ये डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस आणि जाळीदार कापडाच्या मास्कचा आग्रह धरला, तो साथ रोखण्यासाठी.

गैरसमज : चेहरा झाकला की भावना कळतच नाहीत.
वस्तुस्थिती : भीती डोळ्यांत दिसते, मनापासूनचं हसू डोळ्यांच्या कडांशीही उमटतं. मात्र ओठांवरचं हलकं स्मित किंवा किळस ओळखणं खरोखर अवघड होतं. ती उणीव लोकांनी मान डोलावून, हात जोडून, शब्द सावकाश उच्चारून भरून काढली.

गैरसमज : गैरसोय सर्वांची सारखीच झाली.
वस्तुस्थिती : ओठांच्या हालचालींवरून बोलणं समजून घेणाऱ्या कर्णबधिरांचा, कमी ऐकू येणाऱ्या आजी-आजोबांचा आधारच गेला. ओठ दिसतील असे पारदर्शक मास्क त्यासाठीच बनले. पण ते सगळीकडे पोहोचले नाहीत.

महाराष्ट्रातली मास्कसक्ती 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याला संपली. आता निर्णय आपला आहे. सर्दी-खोकला असताना दवाखान्यात किंवा बसमध्ये मास्क लावणं म्हणजे आपल्या श्वासाची जबाबदारी घेणं. आणि समोरच्याला ऐकू येत नसेल, तर कागदावर लिहून दाखवणं हीही तितकीच आपली जबाबदारी.